कबड्डीचा हात, रग्बीचा खांदा

कोकणात रग्बीच्या सरावाला येणारा नवा गडी बहुतेक वेळा कबड्डीतून आलेला असतो. अलिबाग-पेणपासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत वाडीवाडीला कबड्डीचा संघ, त्यामुळे दुसरं काही होणंही कठीण. या गड्याला पळता येतं, पडता येतं, मार खाता येतो, समोरच्याच्या अंगावर जायची भीती त्याच्यात नसते. शिकवणाऱ्याला वाटतं, अर्धं काम झालं. पण पहिले दोन महिने सगळ्यात जास्त लक्ष याच्याकडेच द्यावं लागतं. त्याला पकड येत असते, टॅकल (बॉल घेऊन धावत येणाऱ्याला धरून खाली पाडणं) येत नसतो. तो पकडीलाच टॅकल समजून चालतो आणि चार-पाच सामने ते खपूनही जातं. मग एक दिवस बोट तरी जातं, नाहीतर खांदा.

दोन्हींतला फरक मैदानाच्या मापातच आहे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे चढाईपटूला समोरच्या अंगणात मिळतात जेमतेम साडेसहा मीटर. निदानरेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागते ती रेषा, मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, बोनसची रेषा तिच्या पुढे एक मीटर. कोपरारक्षक घोट्याला हात घालतो त्या क्षणी चढाईपटू एकतर थबकलेला असतो, नाहीतर पाय मारून परत वळत असतो. त्याचं वजन तुमच्यापासून दूर चाललेलं असतं. अशा माणसाला हातांनी ओढून ठेवणं बरोबरच आहे. वर राष्ट्रीय पातळीवर पुरुषांना ८५ किलोंची मर्यादा.

रग्बीत तो पळून जात नाही, तुमच्यावर येतो. काखेत बॉल, मागे वीस-तीस मीटरची धाव, तोंड तुमच्याकडे, आणि वजनाला मर्यादा नाही. ९५ किलोचा गडी सेकंदाला सहा-सात मीटरने येत असताना तुम्ही बाजूने हात लांब करून त्याच्या छातीला घातलात, तर तो थांबत नाही, तुमचा हात मागे जातो. दंड बाजूला पसरलेला, तळवा पुढे, आणि त्यावर मागे नेणारा झटका. खांद्याचा गोळा खोबणीतून पुढे निसटायला नेमकी हीच अवस्था लागते. घोट्यावर ताकद पणाला लावणारे तगडे कोपरारक्षक यात आधी सापडतात, कारण आपल्या हातावर त्यांचा विश्वास जास्त असतो.

म्हणून पहिला धडा: हात दुसरे, खांदा पहिला, आणि खांद्याच्याही आधी पाय.

शेवटच्या दोन-तीन मीटरांत पावलं लहान करायची. धावत सुटून धडकलात तर तो एका पायावर दिशा बदलतो आणि तुम्ही वाळूत. ज्या बाजूचा खांदा लावायचा त्याच बाजूचा पाय पुढे, आणि तो त्याच्या पायाशेजारी, वीतभर अंतरावर टेकायचा. इथेच कबड्डीवाला चुकतो. त्याला दुरून सूर मारायची सवय. पाय मागे राहिला की सूर मारावाच लागतो, सूर मारला की मान खाली जाते आणि मान खाली गेली की समोरचं दिसत नाही. हनुवटी छातीपासून वर, डोळे उघडे, नजर त्याच्या चड्डीच्या कडेवर. चेहऱ्याकडे किंवा बॉलकडे बघू नका, ते दोन्ही खोटं बोलतात. कंबर खोटं बोलत नाही, आणि चढाईपटूची हुलकावणी ओळखताना तुम्ही तेच करत आलात.

आता डोकं. समोरचा तुमच्या उजवीकडे चालला असेल तर उजवा खांदा लावायचा आणि डोकं त्याच्या मागे ठेवायचं, गाल त्याच्या ढुंगणाला चिकटलेला. ऐकायला विचित्र वाटतं, पण गाल तिथे असेल तर कानशिलाला गुडघा लागत नाही. कबड्डीत उलट आहे. चढाईपटूची परतीची वाट अडवायची असते, म्हणून रक्षक डोकं आणि छाती मध्यरेषेच्या बाजूला, त्याच्या पुढ्यात घालतो. चार मीटरांच्या खेळात ते चालून जातं. रग्बीत पुढ्यात घातलेल्या डोक्यावर आधी त्याचा गुडघा किंवा कमरेच्या हाडाची बाजू येते आणि मग तो सगळाच्या सगळा अंगावर पडतो. सरावात चुकीच्या बाजूला डोकं गेलं की टॅकल कितीही जोरात बसला असो, तो मोजू नका. ‘पाडलं ना?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात विचारायचाच नाही.

खांदा मांडीच्या वरच्या भागाला लागला की मग हात. दोन्ही हात पायांभोवती, आपलं मनगट आपल्याच दुसऱ्या हाताने धरायचं आणि कोपरं आत ओढायची. कपडा धरायचा नाही. पाय थांबवायचे नाहीत, तीन-चार छोटी पावलं रेटत राहायचं. गुडघे एकत्र बांधले गेले की कोणीही पडतो, मग तो कितीही जड असो. पट काढणारा मध्यरक्षक इथे एकदम तयार असतो, खांदा आत घालणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्याला फक्त उचलायचं थांबवावं लागतं. कबड्डीत मांडीत घुसून माणूस उचलला की टाळ्या पडतात. रग्बीत पाय जमिनीवरून उचलून माणूस डोक्यावर किंवा छातीवर पडेल असा सोडला किंवा दाबला तर रेफरीचा हात थेट लाल कार्डाकडे जातो, आणि जायलाच हवा.

राखीव पट्ट्यातल्या गड्याला खांद्याने धक्का देऊन बाहेर काढणं ही कबड्डीतली अस्सल चाल. सीमारेषेजवळच्या विंगरला तसाच धक्का दिलात तर पेनल्टी: धरायचा प्रयत्न न करता नुसतं आदळणं नियमात बसत नाही. हात गुंडाळायला निघालेले तरी दिसले पाहिजेत. खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल नाही, आणि खालून सुरू होऊन वर सरकला तरीही नाही. अनेक देशांनी हौशी खेळात ही मर्यादा आणखी खाली, छातीच्या हाडापर्यंत आणली आहे. आपल्याकडे सरावात मी तर कमरेच्या वर टॅकल करूच देणार नाही.

उंच टॅकल किती महागात पडतो ते बघायचं असेल तर २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पुन्हा लावा. २८ ऑक्टोबर, पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स, दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. पहिल्या अर्ध्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन ताठ उभ्या अंगाने जेसी क्रीलला भिडला आणि खांदा डोक्याला लागला. आधी पिवळं, मग व्हिडिओवर तपासून लाल. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलं लाल कार्ड. दुसऱ्या अर्ध्यात आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसीही डोक्याच्या धडकेवरून बाहेर गेला, पण त्याचं पिवळं पिवळंच राहिलं. यावर आजही भांडणं होतात. माझ्या मते भांडायची जागा वेगळी आहे. केन कमरेत वाकलाच नव्हता. बॉल घेऊन येणारा ऐनवेळी खाली झुकला असता तर कदाचित सूट मिळाली असती, पण ताठ येणाऱ्याला झुकणाऱ्याचं निमित्त मिळत नाही.

त्याच सामन्यात पीटर-स्टेफ डू टॉयने २८ टॅकल केले, आणि बहुतेक बघण्यासारखे ते खालचे. सामना एका ट्रायचा (बॉल समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं), तोही न्यूझीलंडचा. आफ्रिकेचे सगळे बारा गुण हांद्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे. राखीव आठांपैकी सात फॉरवर्ड (पुढच्या फळीतले जड गडी) ठेवण्याचा त्यांचा जुगार त्या दिवशी खरं म्हणजे फसलाच असता: तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच हूकर, म्हणजे बाहेर गेलेला बॉल परत आत फेकणारा, बोंगी म्बोनाम्बी गुडघा धरून बाहेर गेला आणि त्याच्या जागी आलेला डिऑन फूरी बरीच वर्षं फ्लँकर (कडेचा फॉरवर्ड) म्हणून खेळत आलेला. लाइनआउट (ही फेक आणि ती झेलणारी रांग) डळमळला. तरी सामना निघाला तो टॅकलवर आणि पडलेल्या गड्यावरून बॉल काढण्यावर.

हे बॉल काढणं आपल्या गड्यांना लवकर जमतं आणि लवकर नडतंही. कबड्डीत चढाईपटू धरला की शिट्टीपर्यंत सोडायचा नाही, वर उरलेले सहा जण त्याच्यावर पडतात. रग्बीत माणूस खाली पडला आणि धरलेला आहे, की टॅकल पूर्ण. तिथून पुढे तुम्ही त्याला लगेच सोडायचं, दूर व्हायचं किंवा पायांवर उभं राहायचं, आणि मगच बॉलला हात. हे ‘सोडणं’ रेफरीला दिसेल असं करा: दोन्ही हात क्षणभर वर, तळवे उघडे, मग खाली. अर्धा सेकंद जातो, पण पेनल्टी वाचते. आपल्या बाजूने, म्हणजे मागून आत यायचं, बाजूने घुसायचं नाही. हात बॉलवर, गुडघे मोकळे, वजन स्वतःच्या पायांवर. कोपर किंवा हात जमिनीला टेकला की रेफरी लगेच शिट्टी मारतो. मजबूत बोटांचा, बैठकीत बसून राहू शकणारा कोपरारक्षक या कामाला सोन्यासारखा. फक्त त्याने पहिला टॅकल दुसऱ्याला करू द्यावा.

सेव्हन्समध्ये, म्हणजे रग्बीच्या छोट्या प्रकारात, सात जण हे ऐकून कबड्डीवाले खूश होतात. सात तर सात, पण कबड्डीत सात जण दहा मीटर रुंदी सांभाळतात आणि इथे मैदान पंधरांच्या खेळाचंच, रुंदी सत्तर मीटरपर्यंत. एक जण मागे किक सांभाळायला ठेवला की पुढे सहा, प्रत्येकाच्या वाट्याला अकरा-बारा मीटर. कबड्डीतली सगळ्यांनी एकावर तुटून पडायची सवय इथे संघ बुडवते. रकमध्ये (खाली पडलेल्या बॉलवरच्या रेटारेटीत) तिसरा गेला की बाहेरच्या कडेला दोन विरुद्ध एक झालंच समजा. नियम साधा ठेवा: एक टॅकल करणार, एक बॉलवर, बाकीचे उभे राहून रुंदी धरणार, आणि रकमध्ये तिसरा कोणी गेला तर त्याला नावाने ओरडून बाहेर काढायचं. बोलत राहणं, हात न धरता एका रेषेत पुढे सरकणं, कोपऱ्याने हलल्यावर आतल्याने जागा भरणं, हे सगळं साखळीत खेळलेल्याला शिकवावं लागत नाही. फक्त अंतर वाढवायला शिकवावं लागतं. मैदानावर दर दहा मीटरला नारळाची एकेक झावळी टाकून ठेवली की डोळ्यांना मापाची सवय होते.

किकऑफचं मात्र विसरू नका. पंधरांच्या खेळात ज्याने गुण खाल्ले तो किक मारतो. सेव्हन्समध्ये ज्याने गुण केले तोच मारतो. म्हणजे ट्राय केल्यावर बॉल समोरच्याच्या हातात जाणार, जर तुम्ही तो हवेत झेलून परत मिळवला नाहीत तर. म्हणून उंच, दहा मीटरच्या रेषेपलीकडे जेमतेम पडणारी किक आणि तिच्याखाली पोहोचणारे दोन गडी, यावर सरावातली पंधरा मिनिटं रोज घालवा. सात-सात मिनिटांच्या दोन डावांत बॉल एकाच बाजूकडे राहिला तर दुसऱ्या बाजूला घाम येईपर्यंत सामना संपलेला असतो. फिजीने २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला अंतिम सामन्यात ४३–७ असं धुतलं, २०२० च्या टोकियो खेळांत पुन्हा सुवर्ण घेतलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये अंतवान द्युपोंच्या फ्रान्सने त्यांना २८–७ ने अडवलं. तिन्ही सामने लागोपाठ बघताना फक्त किकऑफ कोणी मिळवले ते कागदावर टिपत जा.

फिजीचं नाव निघालं की वाळूचा विषय येतोच. त्यांचे संघ सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर धावतात, मग आपल्याला तर गुहागर, मुरुड, तारकर्ली पडलेलीच आहेत. पण किनारा म्हणजे एकच मैदान नव्हे. वरची कोरडी वाळू धावण्यासाठी चांगली, पडण्यासाठी उत्तम, पण तिच्यात पाय रुतून दिशा बदलताना घोटा वळतो. पाण्याजवळची ओली दाबलेली वाळू पळायला छान आणि आदळायला जवळजवळ रस्ता. टॅकलचा सराव या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात करायचा, जिथे टाच टेकवली की बोटभर रुतते. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून एकाच दिशेने पळत राहिलं की समुद्राकडचा पाय दर पावलाला जास्त खाली जातो आणि पोटरी धरते. दर दहा मिनिटांनी बाजू बदला. सुरुवातीला सगळ्यांनी एका रांगेत चालत जाऊन कालवांच्या शिंपल्या, काचा, जाळ्यांचे तुकडे वेचायचे. कंटाळवाणं काम आहे, करावंच लागतं.

मैदान कधी मिळणार ते दर्यावर्दी सांगतात तसं काढा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही खूप मागे जातं. चतुर्दशी ते द्वितीया हे चार-पाच दिवस संध्याकाळच्या सरावाला सगळ्यात चांगले. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती भरलेली, भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असल्याने पाणी फार चढत नाही, पण मधला पट्टा मात्र बुडालेला. त्या दिवशी गावातल्या मैदानात पासचा आणि किकचा सराव घ्या. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, मोठा सामना ठरवायचा असेल तर छापील वेळापत्रकच बघा.

टॅकलची बॅग विकत घ्यायची गरज नाही. तांदळाची दोन गोणपाटं तोंडाला तोंड लावून शिवायची, आत पेंढा आणि नारळाच्या सोडणांचा भुगा ठासून भरायचा, वरून जुन्या चादरीचं कव्हर. कव्हर नसेल तर तागाने गाल सोलवटतात. उंची साधारण चार फूट, वजन पंधरा-वीस किलो. वाळू भरू नका, पहिल्याच दिवशी कोणाची तरी मान धरेल. क्रम असा ठेवा: आधी दोघेही गुडघ्यांवर, एक जण हळू सरकतो, दुसरा फक्त डोकं आणि खांदा जागेवर आणतो. मग टॅकल करणारा गुडघ्यावर, समोरचा चालत. मग दोघे उभे, चालत. मग बॅग, धावत. शेवटी अर्ध्या वेगाने माणूस. प्रत्येक पायरीवर दोन्ही खांद्यांचे दहा-दहा, आणि नकोसा वाटणारा खांदा आधी. पायरी ओलांडायची घाई झाली की थकल्यावर जुना हात परत बाहेर येतो. खरी परीक्षा शेवटच्या पाच मिनिटांत, दम लागलेला असताना घ्या.

दुखापतींत सगळ्यात दुर्लक्षित बोट. जर्सी धरली आणि समोरचा हिसडा देऊन निघून गेला, की वाकलेल्या बोटाचं टोक जबरदस्तीने सरळ होतं आणि ते वाकवणारा स्नायूबंध हाडावरून उखडतो. बहुतेक वेळा अनामिका. घोट्याला आणि चड्डीला बोटं अडकवून धरणाऱ्यांचा हा हमखास घोळ. दुखतं बेताचं, सूज थोडी, बोट वाकडंही दिसत नाही, म्हणून गडी चिकटपट्टी लावून खेळतो आणि महिन्याने विचारतो की टोक का वाकत नाही. तपासायची पद्धत: दुसऱ्या हाताने त्या बोटाचं मधलं पेर सरळ घट्ट धरा आणि फक्त टोकाचं पेर वाकवून बघा. अजिबात वाकत नसेल तर हाताच्या सर्जनकडे त्याच आठवड्यात जा. बंध तळव्याकडे आखडत जातो आणि आठ-दहा दिवसांनंतर तो परत जागेवर शिवणं अवघड होतं.

याच्या उलट दुखापत म्हणजे बॉल टोकावर बसून पेर खाली लोंबणं. टोक वाकतं, पण आपणहून सरळ होत नाही. हाड तुटलेलं नसेल तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही, पट्टी लागते: टोक सरळ ठेवून सहा ते आठ आठवडे, आंघोळीतही. मधे एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बोट ओढून ‘बसवणारा’ कोणी ना कोणी प्रत्येक गावात असतोच. त्याच्याकडे एक्स-रे काढून झाल्यावर कौतुकाने बघा, आधी नको.

दोन बोटं एकत्र बांधायची तर मधे कापूस, पट्टी पेरांवर, सांधे मोकळे. सांध्यावरून गुंडाळली की बोट काठीसारखं होतं आणि पुढचा झटका तळव्याच्या हाडाला बसतो. अंगठी, कडं, गंडा-दोरा सामन्याआधी काढायचं. श्रद्धेचा प्रश्न असेल तर तो पाकिटात ठेवा.

खांदा निखळला तर तो मैदानावर ओढू नका. ज्या अवस्थेत हात कमी दुखतो त्याच अवस्थेत टॉवेलने किंवा ओढणीने अंगाशी बांधा, दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का आणि मनगटाची नाडी लागते का बघा, आणि निघा. विशीतल्या खेळाडूचा एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे ‘बसला, आता मोकळा’ असं नसतं. बॉल काखेत धरून खांद्याच्या टोकावर आदळल्यावर गळपट्टीच्या हाडाचं टोक वर आलेलं दिसतं ती दुखापत वेगळी, बहुतेक वेळा झोळीत हात ठेवून बरी होणारी.

डोक्याच्या बाबतीत वाद नको. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. बेशुद्ध पडलाच पाहिजे असं नाही. विचारायचे पाच प्रश्न: आपण कुठे खेळतोय, कितवा डाव चालू आहे, शेवटचे गुण कोणी केले, मागचा सामना कोणाशी झाला, तो जिंकलो का. एकही चुकला तर संपलं. पाचही बरोबर आले तरी चाल लटपटत असेल, नजर हरवलेली असेल, डोकं दुखत असेल तर तेही संपलंच. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायाला मुंग्या, दोन-दोन दिसणं, मान दुखणं, गुंगी, यांतलं काही असलं तर १०८ ला फोन. मान दुखत असेल तर हलवायचं नाही, एकाने डोकं दोन्ही हातांनी धरून थांबायचं. त्या रात्री एकट्याने झोपायचं नाही, मोटारसायकल चालवायची नाही, दारू नाही, आणि ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही नाहीत. पहिले एक-दोन दिवस आराम, मग चालणं, मग धक्का न लागणारा सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय टॅकल नाही. हौशी खेळाडूने तीन आठवड्यांच्या आत सामन्याचा विचारही करू नये. दातांचा गार्ड घाला, पण तो दात वाचवतो, मेंदू नाही. आपल्याकडे खरी अडचण अंतराची. सीटी स्कॅन कुठे होतो, गाडी कोणाची, चालवणार कोण, हे सामन्याच्या आदल्या दिवशी ठरलेलं हवं.

घोटा मुरगळला तर दोनच गोष्टी बघा. चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबून दुखतं का. पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर दुखत असेल तर एक्स-रे. नाहीतर बर्फ, क्रेप बँडेज, पाय वर. आंबेहळदीच्या लेपाला माझी हरकत नाही, पण पहिल्या दोन दिवसांत गरम तेलाने रगडू नका, सूज दुप्पट होते. चुन्याचा लेप खरचटलेल्या कातडीवर तर नकोच.

खरचटण्याचंही घ्यायला हवं, कारण पावसात भातखाचरात नाहीतर गढूळ पाणी साचलेल्या मैदानात खेळायची हौस सगळ्यांनाच येते. जांभ्याच्या खड्यांवर सोलवटलेला गुडघा आणि त्या पाण्यात उंदरांचं मूत, म्हणजे लेप्टोला सरळ आमंत्रण. सिंधुदुर्गात हा आजार नवा नाही. उघडी जखम असेल तर अशा पाण्यात उतरू नका. सामना झाल्या झाल्या वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, माती राहिली तर गॉजने घासून काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते लक्षात ठेवा. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, बरोबर पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. सामना विसरून गेलेला असतो, म्हणून लोक फ्लू समजून घरी काढतात. डॉक्टरांकडे गेलात की शेतातल्या पाण्यात खेळलो होतो हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.